दुपारी पाहिलेली सौसरची रात्र

कॅनडात जाऊन काय पाहिलं, असं सौसरात लोक मला अजून विचारतात. मी खरं सांगतो, पण कुणाला पटत नाही. मी कॅनडात अख्खा हिवाळा काढला आणि सौसरचं जिनिंग पाहिलं. मुलाच्या सोफ्यावर बसून पाहिलं, बर्फात अडकलेल्या गाडीत बसून पाहिलं, मॉलमध्ये बायको स्वेटर निवडत होती तेव्हा खांबाला टेकून पाहिलं. एकदा सगळे धबधब्याचे फोटो काढत होते आणि मी मोबाइलमध्ये सरकीच्या ढिगात तोंड घालणाऱ्या सांडाकडे पाहत होतो. बायको म्हणाली, "एवढं तिकीट काढून पोरानं इथं आणलं, अन् तुम्ही सांड पाहून राहिले."

ती माझी नोकरी होती. सांड पाहण्याची, कुत्री पाहण्याची, कुंपण पाहण्याची आणि सगळ्यात जास्त धूर पाहण्याची.

सौसरहून लोधीखेड्याकडे जाताना रस्त्यावर एक जिनिंग-प्रेसिंग आहे. नाव कशाला सांगू, जाणारे ओळखतात. तिथं मी फिटर म्हणून लागलो आणि हेड मिस्त्री म्हणून निवृत्त झालो. म्हातारे सेठ गेले, त्यांचा मुलगा नितीनसेठ गादीवर आला. पोरगा हुशार आणि वागायला नीट. त्यानं आल्या आल्या आवारात कॅमेरे बसवले. पण कॅमेरा नुसतं दाखवतो, पाहायला माणूस लागतो. रात्रभर कोण पाहणार? म्हणून त्यानं मला घरी बसून काम दिलं. मोबाइलवर आणि एका टॅबवर रात्री आवारावर लक्ष ठेवायचं, सकाळी त्याला निरोप टाकायचा. या वयात झोप तशीही येत नाही, मी हो म्हणालो.

मग मुलाकडे जायचं ठरलं तेव्हा मी राजीनामा द्यायला गेलो. नितीनसेठ हसायला लागला.

"मिस्त्रीजी, सोडता कायले? तुम्ही तं अजून कामाचे झाले. आपली रात्र म्हणजे तिकडचा दिवस. डोळे ताजे राहतीन तुमचे."

मुलानं तिकडचे नियम वाचून पाहिले. पाहुणा म्हणून आलेल्या माणसानं आपल्या गावचं काम तिथं बसून केलं तर हरकत नाही असं कळलं. त्याला मात्र मनातून लाज वाटत होती. बाप कॅनडात येऊन चौकीदारी करतो हे तो मित्रांना सांगत नसे. "रिमोट मॉनिटरिंग" असं काहीतरी म्हणायचा. मी म्हटलं, म्हण बाबा, काम तेच आहे.

ज्यांनी जीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे जिनिंगला जीनच म्हणतात. शेतकऱ्याचा कापूस गाडीनं येतो, आवारात त्याचे ढीग लागतात. तो रेचा म्हणतात त्या यंत्रांवर जातो, तिथं सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. रुई प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधतात, वरून कापड आणि लोखंडी पट्ट्या. गाठ म्हणजे दोन धिप्पाड माणसांच्या वजनाची, आणि इतकी घट्ट की बोट शिरत नाही. गाठींवर गाठी रचल्या की झाली थप्पी.

या सगळ्यात एकच वैरी, आग. कापसात कुठे खिळा येतो, कुठे गारगोटी येते. ती यंत्रात घासली की ठिणगी उडते. ठिणगी दिसली तर बरं, रेती टाकता येते. न दिसता ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर काय होतं हे मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. आत हवा नाही, म्हणून ती भडकत नाही. आणि कापूस आहे, म्हणून विझतही नाही. आतल्या आत कुरतडत राहते, एक दिवस, दोन दिवस, कधी चार. बाहेरून गाठ इतर गाठींसारखीच दिसते. मग एखाद्या वेळी ती कापडापर्यंत पोचते, वारा लागतो, आणि थप्पीच्या थप्पी जातात. अशी गाठ आम्ही वासानं ओळखायचो. जळक्या रुईचा एक कडवट वास असतो, तो एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही. कॅमेऱ्याला नाक नसतं. ही गोष्ट माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून टोचत होती.

आता सुखदेवबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

सुखदेव आमचा रात्रीचा चौकीदार. लोधीखेड्याचा. मी फिटर असताना तो प्रेसवर हमाल होता. कमरेनं दगा दिला तेव्हा म्हाताऱ्या सेठांनी त्याला गेटवर बसवलं. आम्ही एका डब्यातलं खाल्लेलं आहे. तो मला जयभीम घालायचा, मी त्याला रामराम, आणि चिडवायचं असलं की उलटं. कॅमेरे लागले तेव्हा त्याला ते आवडलं नाही. आणि पाहणारा मी आहे हे कळलं तेव्हा तर अजिबात नाही.

"मले पायशीन तू?" मी कॅनडाला निघालो तेव्हा तो म्हणाला होता. "रातभर? इथं होता तवा कधी चहा पेला का म्हणून विचारलं नाही, आता कॅनडातून पायशीन."

"आग पाहतो बे, तुले कोण पाहते."

"सेठ तं म्हणून राहिला होता, चौकीदार झोपला का ते पाय म्हणून."

ते खरं होतं. सेठनं तसंच सांगितलं होतं. दिवाळीत तो अचानक रात्री आवारात गेला आणि सुखदेव खुर्चीत घोरत होता. तेव्हाच त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की पुन्हा झोपलेला दिसला तर घरी बसायचं. सेठचंही चुकत नव्हतं. आवारात हंगामात जो माल पडलेला असतो तो गेला तर पन्नास घरांच्या चुली थंड होतात. पण सुखदेवच्या वयाच्या माणसाला सौसरात दुसरं कोण ठेवणार? कंबर गेलेली, एका कानानं कमी ऐकू यायचं. त्याला ते काम गेलं की सगळंच गेलं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

म्हणून मी एक केलं होतं. फेरीच्या मध्ये कधी त्याचा डोळा लागला तर मी ते सेठला कळवत नसे. तेवढा वेळ मी जास्त डोळे ताणून पाहायचो. आणि सुखदेवही प्रत्येक फेरीला कॅमेऱ्यासमोर आला की काठी उंच करून दाखवायचा. मला ती काठी दिसली की बरं वाटायचं. मी तिकडे मान हलवायचो, जणू त्याला दिसतंय.

त्या दिवशी संक्रांत होती. जीन बंद. हमाल सगळे आपापल्या गावी गेलेले, आवारात सुखदेव एकटा आणि त्याची कुत्री. तो त्यांना भाकरी घालायचा, ती त्याच्या मागे मागे फिरायची.

इकडे मुलानं आम्हाला रेल्वेनं दुसऱ्या शहरी न्यायचं ठरवलं होतं. सूनबाई आणि नात समोरच्या बाकावर, मी आणि बायको खिडकीशी, मुलगा मागे. बाहेर नजर जाईल तिथवर बर्फ. आमची दुपार म्हणजे सौसरची उत्तररात्र. बायकोनं घरून तिळाचे लाडू आणले होते. पलीकडे एक गोरी आजी बसली होती, तिला तिनं लाडू दिला आणि गोड बोला असं मराठीतच सांगितलं. आजी हसली. मी टॅब मांडीवर घेऊन बसलो होतो.

चौकोनात चौकोन, सगळे नेहमीसारखे. गेट, रेच्यांचं शेड, सरकीचं कोठार, आणि मागचा कोपरा. मागच्या कोपऱ्यात शेडबाहेर नव्या गाठींची एक थप्पी होती. सुटीच्या आधी घाईघाईनं बांधलेला माल, आत जागा नव्हती म्हणून बाहेर, वर ताडपत्री. त्या थप्पीला पाठ लावून सुखदेव बसला होता. पायाशी तीन कुत्री मुटकुळं करून पडलेली. सुखदेवची मान छातीवर, कानाला मफलर, अंगावर कोट आणि वर रग.

झोपला होता. चांगला गाढ झोपला होता.

मी मनात म्हटलं, झोप बाबा, संक्रांत आहे. आणि दुसऱ्या चौकोनाकडे वळलो. गेट पाहिलं, कोठार पाहिलं. पण मन त्या कोपऱ्यातच अडकलं. काहीतरी चुकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं.

तो कोपरा मला पाठ होता. मागे मोकळं शेत, त्यापलीकडे नाला. थंडीत तिथून असा वारा येतो की आम्ही तिथं लघवीलाही जात नसू. सुखदेवची जागा गेटवरची कोठडी, तिथं शेकोटी असते. कुत्रीही तिथंच राखेत झोपतात. मग ऐन जानेवारीत शेकोटी सोडून म्हातारा वाऱ्याच्या तोंडावर का जाऊन बसला? आणि कुत्री? माणसाचं एक वेळ डोकं फिरेल, कुत्रं थंडीत उबेची जागा सोडून जात नाही.

ती उबेच्या जागीच आली होती.

आधी कुत्री गेली असणार, त्यांना पहिल्यांदा कळतं. फेरीवर त्यांना तिथं पाहून सुखदेव थांबला असणार, हात लावून पाहिलं असणार, बरं वाटलं असणार. बाजूला गाठ होती, तिला पाठ लावून बसला असणार. हमालीत आयुष्य गेलं होतं त्याचं, पण थंडीनं आणि पेंगेनं माणसाचं डोकं चालत नाही. तो जळत्या गाठीला टेकून झोपला होता, आणि ते सौसरपासून अर्धं जग दूर बसलेल्या मला एकट्याला माहीत होतं.

मी त्याला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गेटच्या चौकोनात पाहिलं तर कोठडीच्या खिडकीत बारीकसा उजेड लागून विझला. फोन चार्जिंगला लावून गेला होता.

गेटच्या कॅमेऱ्याला एक भोंगा आहे. इकडून बोललं की तिकडे वाजतं. कुणी कुंपणावर चढलं तर ओरडायला दिलेला. मी ते बटण दाबलं आणि भर डब्यात ओरडलो, "सुखदेवा, ऊठ. सुखदेवा, तिथून ऊठ."

अख्खा डबा माझ्याकडे पाहायला लागला. नात रडायला लागली. मुलगा मागून आला, "बाबा, काय करून राहिले? हळू बोला ना." मी त्याला हातानं गप्प केलं. तिकडे कुत्र्यांनी कान टवकारले, उठली, आणि गेटकडे पळत सुटली, भुंकायला. त्यांचा आवाज मला येत नव्हता, नुसती तोंडं उघडताना दिसत होती. सुखदेव हलला नाही. गेट लांब, मफलर घट्ट, आणि एक कान आधीच कामातून गेलेला.

मी पुन्हा ओरडलो. मग चित्र थांबलं.

गाडी कुठल्या तरी रानातून चालली होती. नेट गेलं. सुखदेव मान खाली घालून जिथल्या तिथं गोठला आणि त्याच्यावर एक गोल चक्र फिरायला लागलं. मी मुलाचा फोन घेतला, सुनेचा घेतला, सगळ्यांचं तेच. बाहेर झाडं आणि बर्फ, झाडं आणि बर्फ. बायकोनं माझा हात धरला. "काय झालं ते सांगा तं," ती म्हणाली. मी सांगितलं. ती सुखदेवला ओळखत होती, त्याच्या लेकीच्या लग्नात वाढायला उभी राहिली होती. तिनं हातातला डबा बंद केला.

"सेठले लावा ना फोन," ती म्हणाली.

"सेठले लावला तं तो पहिले कॅमेराच पाहीन. झोपला दिसला की याची नोकरी गेली."

"अन् नाही लावला तं?"

खरं सांगायचं तर नेट नव्हतं हे त्या क्षणी मला बरं वाटलं, निर्णय थोडा पुढे गेला म्हणून. पण मी डोक्यात दुसरी माणसं शोधत होतो. सौसरात एवढी वर्षं काढली, पण त्या वेळी जीनाजवळ जागं असणारं आणि माझ्याकडे नंबर असणारं एकही माणूस सुचेना. रस्त्यावरच्या ढाबेवाल्याचा नंबर मी कधी घेतला नव्हता. फायरची गाडी बोलावली तरी ती कुणाच्या सांगण्यावरून येणार? कॅनडातून कुणी म्हातारा म्हणतो की कुत्री गाठीजवळ झोपली आहेत, म्हणून?

चक्र थांबलं आणि चित्र हललं. थप्पीच्या वरच्या अंगाला, ताडपत्रीच्या कडेला, काहीतरी पांढुरकं तरंगत होतं. धुकं की धूर ते कळेना. नाल्यावरून पहाटे धुकं येतं तिथं. मी टॅब डोळ्यांशी धरला. धुकं पसरतं. हे एकाच जागेहून निघत होतं.

मी सेठला फोन लावला.

तो झोपेतच बोलला. "मिस्त्रीजी? काय जी, एवढ्या राती?"

"सेठ, मागच्या कोपऱ्यातली गाठ पेटली आहे. आतून. फायरवाल्यांना सांगा आणि तुम्ही निघा."

"धूर दिसते?"

"दिसतो."

"सुखदेव कुठं हाय?"

इथं मी थांबलो. फार नाही, एखादा श्वास. "तिथंच आहे," मी म्हणालो. "थप्पीजवळ."

"मंग करून काय राहिला तो तिथं?"

मला तिकडून मोबाइल चाचपल्याचा आवाज आला. त्यानं कॅमेरा उघडला होता. "झोपला हाय हा," तो हळू आवाजात म्हणाला. "मिस्त्रीजी, हा तं झोपला हाय." मग त्याची धावपळ ऐकू आली, गाडीची किल्ली, बायकोला हाक. फोन बंद झाला.

सौसरहून जीनापर्यंत पोचायला, कितीही दामटली तरी, वेळ लागतोच. आणि मला ठाऊक होतं की आता वेळ नाही. धूर जाड होत होता. सुखदेवची पाठ आणि ती रग यांनीच त्या ठिकाणी वारा अडवून धरला होता. तो बसला होता म्हणून आग दबून होती, आणि तो बसला होता तिथंच ती फुटणार होती.

तेव्हा मला लाइट सुचले.

आवारातले मोठे दिवे मोबाइलवरून चालू-बंद करता येत. वीजबिल वाचावं म्हणून सेठनं तशी सोय केली होती. मी ते कधी रात्री बंद केले नव्हते, कारण आमचे कॅमेरे स्वस्तातले, अंधारात आंधळे. पण सुखदेवचं मला एक ठाऊक होतं. गेटवर बसल्यापासून त्याच्याकडे एक काम होतं, लाइट गेली की जनरेटर चालू करणं. हंगामात रात्रपाळीला लाइट गेली की रेचे थांबतात, रुई नळ्यांमध्ये अडकते, आणि जनरेटरला उशीर झाला की म्हातारे सेठ शिव्यांची लाखोली वाहायचे. सुखदेव भोंग्यानं उठायचा नाही, हाकेनं उठायचा नाही, पण दिवा गेला की खाटेवरून उडायचा. आम्ही त्याची चेष्टा करायचो की याच्या डोळ्यांच्या पापण्या विजेच्या खांबाला बांधल्या आहेत.

पण दिवे बंद केले की मलाही काही दिसणार नव्हतं. तो उठला की नाही, पेटला की काय, काही नाही. माझं बोट त्या बटणावर होतं आणि दाबवत नव्हतं. गोरी आजी उठून माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तीही पडद्याकडे पाहत होती.

मी दाबलं.

सगळे चौकोन काळे झाले. गाडीच्या काचेतून बर्फाचा एवढा लख्ख उजेड येत होता की काळ्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसायला लागला. मुलानं आपला कोट काढून माझ्या डोक्यावर आणि टॅबवर धरला. मी त्या कोटाच्या अंधारात बसून सौसरचा अंधार पाहत होतो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही.

मग एक बॅटरी लागली.

पांढरा ठिपका हलला, खाली वर झाला, आणि डावीकडे सरकायला लागला. डावीकडे जनरेटरची खोली. उठला होता. पठ्ठ्या उठला होता आणि डोळे पुरते उघडायच्या आत जनरेटरकडे निघाला होता. आणि तो जिथून उठला होता तिथं, काळ्याभोर चौकोनाच्या मधोमध, एक लाल टिकली दिसत होती. ती बघता बघता तळहाताएवढी झाली. वारा लागला होता.

बॅटरी चालत राहिली. मी कोटाच्या आत पुटपुटत होतो, मागे पाहा, मागे पाहा. बायको नंतर म्हणाली की मी मारुतीचं नाव घेत होतो. घेतलंही असेल, जामसांवलीचा मारुती तिथून जवळच आहे.

बॅटरी थांबली. वळली. आणि सरळ त्या लाल ठिपक्याकडे पळत आली.

मी दिवे लावले. पहिली गोष्ट दिसली ती सुखदेवची पाठ. कोटाला मागे मोठं भोक पडलं होतं, कडा काळ्या. त्यानं कोट काढून फेकला, रेतीच्या बादल्या ओतल्या, आणि लंगडत मोटरकडे गेला. पाण्याची नळी ओढत आणली. ज्या माणसाला कमरेमुळे गेटवर बसवलं होतं तो ती भरलेली नळी एकटा ओढत होता. ज्वाळा ताडपत्रीपर्यंत गेली, त्यानं ताडपत्री ओढून पाडली. पट्ट्यांना हात लावला नाही, गाठ फोडली नाही. फोडली असती तर सगळं गेलं असतं. पेंग उडाल्यावर त्याला सगळं आठवत होतं. मी डब्यात उभा राहून "शाबास, शाबास" म्हणत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्याची लाज वाटली नाही.

सेठची गाडी आली, मागून फायरची आली. ट्रॅक्टरनं ती गाठ ओढून मोकळ्या शेतात नेली. ती तिथं दोन दिवस एकटी धुमसत पडली होती, असं नंतर कळलं. थप्पीतल्या बाकी गाठी वाचल्या, शेड वाचलं, कोठार वाचलं. सुखदेवच्या पाठीला फोड आले होते, दवाखान्यात मलम लावून घरी पाठवलं. त्या पहाटे सेठनं त्याला मिठी मारली, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सेठचा मला फोन आला. खूप मान देऊन बोलला. पगार वाढवतो म्हणाला. पांढुर्ण्याला त्याच्या मेव्हण्याचं जीन आहे, तिथंही कॅमेरे लावतोय, तेही तुम्हीच पाहा म्हणाला. मी विचारलं, "सुखदेव कसा आहे?"

"त्याले घरी बसवला मी," सेठ म्हणाला. "मिस्त्रीजी, ऐका. विमावाले आले होते. त्यायनं रेकॉर्डिंग पाहिलं. चौकीदार झोपलेला साफ दिसून राहिला. म्या काय सांगू त्यायले?"

"सेठ, तो फेरीवर असता तर तिथं बसला नसता. आणि तो तिथं बसला नसता तर ती गाठ गरम आहे हे मला कधीच कळलं नसतं."

"मतलब, झोपाचा पगार देऊ त्याले?"

सेठ वाईट माणूस नव्हता, त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मी एवढंच म्हणालो की पांढुर्ण्याचं मला जमणार नाही, आणि महिनाअखेरीपासून सौसरचंही नाही. त्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला. माझ्या सोडण्यानं सुखदेवला काही मिळणार नव्हतं हे मलाही कळत होतं, पण त्या कोपऱ्याच्या चौकोनाकडे मला पाहवेना. तिथं आता एक नवा तरुण चौकीदार फेऱ्या मारायचा, मोबाइलमध्ये मान घालून. तो कधी झोपत नसे.

एक मात्र मनाला लागून राहिलं आहे. दिव्यांचं मला सेठला फोन करायच्या आधी सुचलं असतं तर? पण डोकं भीतीत जसं चालतं तसं चालतं. त्याला वेळापत्रक नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही परत आलो. दुसऱ्याच दिवशी मी लोधीखेड्याला गेलो. जाताना रस्त्यात दोनदा मागे फिरावंसं वाटलं. सुखदेव अंगणात बसला होता, उघडा. पाठीवर गुलाबी डाग होता, नव्या कातडीचा. मी रामराम म्हणालो. तो जयभीम म्हणाला नाही. खाट दाखवली, मी बसलो.

बराच वेळ आम्ही कापसाच्या भावाचं बोललो, माझ्या नातीचं बोललो. मग तो म्हणाला, "लाइट तू बंद केली होती?"

"हो."

"सेठले फोन बी तूच केला?"

"हो. आधी फोन, मग लाइट."

त्यानं मान हलवली. त्याच्याकडे पाहणं मला अवघड जात होतं, म्हणून मी जमिनीकडे पाहत होतो.

"कसं हाय पाय," तो म्हणाला. "तू पाहून राहिला होता म्हणून म्या वाचलो. अन् तू पाहून राहिला होता म्हणूनच कामावरून गेलो. घरातली म्हणते, त्याचे पाय धर. पोरगा म्हणते, त्याले दारात उभा करू नको. आता तूच सांग, तुले काय म्हणू?"

"काही म्हणू नको बे," मी म्हणालो. "चहा मांड."

तो कमरेवर हात ठेवून उठला आणि त्यानं चहा मांडला.